रुपयाची हुंडणावळ आणि वाशिमचे सोयाबीन

वाशिम जिल्ह्यातील वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा ह्या सहाही तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक आज सोयाबीन हे आहे. त्याच्या जोडीला तूर असते, काही भागांत कपाशी असते आणि रब्बीत हरभरा येतो. बहुतेक शेती पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहे. पाऊस, बियाणे व रोगराई ह्यांचा विचार शेतकरी रोज करतो. परंतु त्याच्या मालाच्या भावावर ज्या एका गोष्टीचा परिणाम नित्य होत असतो, तिची चर्चा गावात क्वचितच होते. ती गोष्ट म्हणजे रुपयाची हुंडणावळ, अर्थात परकीय चलनाशी असलेला रुपयाचा विनिमय दर.

"रुपया घसरला" अशी बातमी आली म्हणजे कोणी म्हणतो की देशाची हानी झाली. कोणी म्हणतो की निर्यात वाढेल, शेतकऱ्याला भाव मिळेल व देशाची भरभराट होईल. ह्यांपैकी कोणतेही विधान एकट्याने पूर्ण सत्य नाही. हुंडणावळीचा शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी व देशाच्या आर्थिक वाढीशी संबंध कसा पोहोचतो, तो कोठे अडतो आणि गावाने त्यापासून काय बोध घ्यावा, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे.

हुंडणावळ म्हणजे काय?

परदेशी माल विकत घ्यावयाचा तर त्या व्यवहारात मान्य असलेले चलन द्यावे लागते. जगातील तेलबिया, खाद्यतेल, खते व खनिज तेल ह्यांचे व्यवहार बहुतांशी अमेरिकन डॉलरमध्ये होतात. एक डॉलर मिळविण्यासाठी जितके रुपये मोजावे लागतात, तो रुपयाचा विनिमय दर होय. डॉलरला ८० रुपयांऐवजी ८८ रुपये पडू लागले म्हणजे रुपया उतरला; ८८ चे पुन्हा ८० झाले म्हणजे रुपया चढला, असे म्हणतात.

हा दर पूर्वी सरकार ठरवीत असे. स्वातंत्र्यानंतर सप्टेंबर १९४९ मध्ये डॉलरचा भाव सुमारे ३.३० रुपयांवरून ४.७६ रुपये करण्यात आला. ६ जून १९६६ रोजी तो ७.५० रुपये झाला. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन झाले आणि मार्च १९९३ पासून हा दर मुख्यतः बाजारातील मागणी व पुरवठा ह्यांवर ठरू लागला. फार मोठे चढउतार होऊ लागले तर रिझर्व्ह बँक डॉलरची खरेदी वा विक्री करून त्यांस आवर घालते. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलरचा भाव ८७ रुपयांच्या पुढे गेला होता.

वऱ्हाडचा जुना अनुभव

वऱ्हाडच्या शेतकऱ्यास हा विषय नवा नाही. त्याच्या पणजोबांनी त्याची झळ सोसलेली आहे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला. आपल्या शेतातील मालाची किंमत दूरदेशीच्या घटनांवर ठरते, हा धडा वऱ्हाडने त्या वेळी घेतला.

दुसरा धडा हुंडणावळीचा होता. इंग्रजी राजवटीत रुपयाचा दर शिलिंग व पेन्स ह्यांत मोजला जाई. बारा पेन्सचा एक शिलिंग होत असे. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६ पेन्स होता. १९२७ मध्ये कायद्याने तो १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स ठरविण्यात आला. ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगात सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास ह्यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सचा दर राखावा असे आग्रहाने मांडले होते.

दोन पेन्सांच्या फरकाने काय होते, ते पाहू. विलायतेच्या बाजारात एखाद्या कापसाच्या गाठोड्याची किंमत १२ शिलिंग, म्हणजे १४४ पेन्स आहे असे समजू. १६ पेन्सच्या दराने त्याचे ९ रुपये होतात; १८ पेन्सच्या दराने ८ रुपयेच होतात. कापूस तोच व विलायतेतील किंमतही तीच. परंतु दर नऊ रुपयांमागे एक रुपया गेला. शेतसारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयांतच ठरलेले असल्यामुळे ते कमी झाले नाही. पुढे १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत मालाच्या किमतीच कोसळल्या, तेव्हा हे ओझे अधिकच जड झाले. रुपया फार चढा ठेवला म्हणजे माल पिकविणाऱ्याचे नुकसान कसे होते, ह्याचे हे उदाहरण आहे.

ह्याच विषयाची दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आहे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हुंडणावळ उतरल्याने निर्यात करणाऱ्यास जो लाभ होतो, तो परदेशातून फुकट येत नसतो. किमती वाढतात आणि मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही, म्हणून त्या लाभाचा भार मजुरी करणाऱ्यावर पडतो, असे त्यांनी दाखवून दिले. सोयाबीन पिकविणारा व सोयाबीन सोंगणारा हे दोघेही ज्या गावात राहतात, त्या गावाने हे विसरता कामा नये.

रुपया उतरला म्हणजे सोयाबीनचे काय होते?

एक क्विंटल सोयाबीन गाळले असता सुमारे १८ किलो तेल व सुमारे ८० किलो पेंड निघते. म्हणून सोयाबीनचा भाव हा तेल व पेंड ह्या दोहोंच्या भावावर उभा असतो. आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते: पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझीलमधून. पेंडीचा काही भाग परदेशी जातो व बाकीची येथील कुक्कुटपालनास लागते. म्हणजे तेलाची स्पर्धा बंदरावर उतरणाऱ्या तेलाशी आणि पेंडीची स्पर्धा जगाच्या पेंडीशी असते.

आता हिशेबासाठी असे धरू की परदेशी सोयातेलाचा भाव टनास १,१०० डॉलर आणि पेंडीचा भाव टनास ४०० डॉलर आहे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. जकात, वाहतूक व गाळणीचा खर्च तूर्त बाजूस ठेवू.

डॉलर ८० रुपयांस असता:
तेल, १८ किलो, ८८ रुपये दराने: १,५८४ रुपये
पेंड, ८० किलो, ३२ रुपये दराने: २,५६० रुपये
एकूण: ४,१४४ रुपये

डॉलर ८८ रुपयांस असता:
तेल, १८ किलो, ९६.८० रुपये दराने: १,७४२ रुपये
पेंड, ८० किलो, ३५.२० रुपये दराने: २,८१६ रुपये
एकूण: ४,५५८ रुपये

परदेशातील भाव तोच असताना केवळ रुपया उतरल्यामुळे एका क्विंटलातून निघणाऱ्या मालाची किंमत ४१४ रुपयांनी वाढली. "रुपया उतरला की शेतकऱ्याचे भले" असे जे म्हणतात, त्यांच्या म्हणण्याचा आधार हा आहे. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. ही वाढ बंदरापासून रिसोडच्या वा कारंजाच्या बाजार समितीपर्यंत येईतो वाटेत तिला चार ठिकाणी गळती लागते.

लाभास लागणारी गळती

पहिली गळती खर्चाची. पालाश खत जवळजवळ सर्व परदेशातून येते. डीएपी तयार अथवा त्याचा कच्चा माल बाहेरून आणावा लागतो. युरियासाठी लागणाऱ्या वायूचा मोठा भाग आयात होतो. खनिज तेलापैकी चार पंचमांशाहून अधिक आयात होते, त्यामुळे डिझेल, ट्रॅक्टरची मशागत व मळणी ह्यांवर त्याचा भार येतो. युरियाची किंमत सरकारने बांधून दिलेली असल्यामुळे ती वाढ गोणीवर दिसत नाही. परंतु ती अनुदानाच्या रूपाने सरकारी तिजोरीवर पडते, आणि तिजोरीतून अनुदानावर जितके अधिक जाते तितके पाटबंधारे, रस्ते व संशोधन ह्यांसाठी कमी उरते.

दुसरी गळती घरखर्चाची. दोन एकरांचा शेतकरी एकरी ६ क्विंटलप्रमाणे १२ क्विंटल सोयाबीन विकतो आणि क्विंटलमागे त्यास ४०० रुपये अधिक मिळाले असे समजू. त्याचे ४,८०० रुपये वाढले. खते, औषधे व डिझेल ह्यांवर एकरी ५०० रुपये अधिक गेले, तर त्यांतून १,००० रुपये वजा झाले. घरात वर्षाकाठी ६० किलो तेल लागते व ते किलोमागे १० रुपयांनी महागले, तर ६०० रुपये आणखी गेले. तरीही त्याच्या हाती ३,२०० रुपये उरतात. शेजारच्या भूमिहीन मजुराच्या घरी मात्र विकावयास सोयाबीन नाही. त्याच्या वाट्यास केवळ ६०० रुपयांचा वाढीव खर्च येतो. मजुरी वाढली नाही तर गावाच्या एका घरातील लाभ दुसऱ्या घरातील तोटा ठरतो.

तिसरी गळती जकातीची. तेल महागले म्हणजे शहरातील व गावातील ग्राहकांची ओरड होते आणि सरकार आयात कर कमी करते. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या सोयातेलावरील एकूण कर २७.५ टक्के करण्यात आला होता. ३० मे २०२५ रोजी तो १६.५ टक्क्यांवर आणण्यात आला. आता वरील उदाहरण पुन्हा घ्या. डॉलर ८० रुपये व कर २७.५ टक्के असता एक किलो आयात तेल ११२.२० रुपयांस पडते. डॉलर ८८ रुपये व कर १६.५ टक्के असता ते ११२.७७ रुपयांस पडते. रुपया दहा टक्क्यांनी महाग डॉलर घेऊन आला, तरी तेलाचा भाव जागचा हलला नाही. हुंडणावळीने दिलेले जकातीने काढून घेतले.

असाच अनुभव ऑगस्ट २०२१ मध्ये आला. सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात गेला, तेव्हा कुक्कुटपालकांच्या अडचणी ध्यानात घेऊन केंद्र सरकारने त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. पुढे नवा माल बाजारात येऊ लागताच भाव झपाट्याने उतरले. तुरीच्या बाबतीतही मे २०२१ पासून आयात खुली करण्यात आली आणि म्यानमार व पूर्व आफ्रिकेतील तूर येथील तुरीच्या स्पर्धेस आली. ग्राहकाचे हित पाहणे हे सरकारचे कर्तव्यच आहे; परंतु शेतकऱ्याने केवळ डॉलरच्या भावावर आपला अंदाज बांधू नये, हे ह्यावरून स्पष्ट होते.

चौथी गळती स्पर्धकांच्या चलनाची. आपला रुपया उतरतो तसा दुसऱ्यांचाही पैसा उतरतो. डिसेंबर २०२३ मध्ये अर्जेंटिनाने आपल्या पेसोचे मूल्य डॉलरच्या तुलनेत एकदम निम्म्याहूनही खाली आणले. जो देश आपल्याला सोयातेल विकतो, त्याचे चलन आपल्यापेक्षा अधिक उतरले, तर तेथील शेतकऱ्यास कमी डॉलरमध्येही माल विकणे परवडू शकते. म्हणून एकट्या डॉलरकडे पाहून भागत नाही. रिझर्व्ह बँक ह्याच कारणास्तव अनेक देशांच्या चलनांशी तुलना करून रुपयाचा निर्देशांक काढते.

नावाचा दर आणि खरा दर

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. बँकेच्या फलकावर दिसतो तो नावाचा दर. त्यात दोन्ही देशांतील महागाईचा हिशेब धरला म्हणजे खरा दर कळतो. डॉलर दहा टक्क्यांनी महाग झाला, परंतु त्याच काळात परदेशात किमती स्थिर असून आपल्या देशात मजुरी, खते व वाहतूक हे सर्व दहा टक्क्यांनी वाढले, तर आपला माल परदेशी गिऱ्हाइकास पूर्वीइतकाच महाग पडतो. दर बदलला, स्थिती बदलली नाही. देशाच्या वाढीशी ज्याचा संबंध आहे तो हा खरा दर होय.

देशाची आर्थिक वाढ कशी होते?

रुपया फार चढा ठेवला म्हणजे परदेशी माल स्वस्त पडतो, देशातील उत्पादक मागे पडतो, निर्यात आटते आणि परकीय चलनाची गंगाजळी रिकामी होऊ लागते. १९९१ च्या मध्यास आपल्या देशापाशी सुमारे शंभर कोटी डॉलर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीस पुरेल इतकेच परकीय चलन उरले होते आणि रिझर्व्ह बँकेस सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. गंगाजळी आटण्यास तेलाची महागाई व सरकारी तूट ही कारणेही होती. परंतु अशा अवस्थेत खते, इंधन व यंत्रे आणणेच अशक्य होऊन वाढ खुंटते.

उलटपक्षी दर रास्त असला तर देशातील कारखान्यास व शेतास मागणी मिळते, रोजगार वाढतो आणि निर्यातीच्या पैशांतून यंत्रे येतात. जपानने १९४९ ते १९७१ पर्यंत एका डॉलरास ३६० येन हा दर स्थिर राखला. दक्षिण कोरियाने १९६४ मध्ये व चीनने १९९४ मध्ये आपल्या चलनाचे दर उतरविले, आणि त्यानंतर त्यांची निर्यात वाढत गेली. अर्थशास्त्रज्ञ दानी रॉड्रिक ह्यांनी २००८ मध्ये अनेक देशांच्या अभ्यासावरून असे मांडले की विकसनशील देशांत चलनाचा खरा दर काहीसा उतरता असेल तर वाढीस मदत होते. ह्या मतावर अर्थशास्त्रज्ञांत वाद आहे. आणि ह्या तिन्ही देशांनी दराबरोबरच शिक्षण, जमीनसुधारणा, वीज, रस्ते व कारखाने ह्यांवर मोठे श्रम केले होते, हे विसरून चालणार नाही. केवळ चलन उतरल्याने देश संपन्न होत असता, तर वारंवार पेसो उतरविणारा अर्जेंटिना आज जगात अग्रेसर असता. तेथे महागाई मात्र वाढत गेली.

आपल्या देशाचे १९६६ व १९९१ चे दोन अनुभव शेजारी ठेवून पाहावे. १९६६ चे अवमूल्यन दोन दुष्काळी वर्षांच्या मध्ये आले. धान्य बाहेरून आणावे लागत होते, विकावयास जादा माल नव्हता आणि निर्यातीस पूर्वी मिळणाऱ्या सवलतीही त्याच वेळी काढून घेण्यात आल्या. त्यामुळे अपेक्षित फळ मिळाले नाही. १९९१ मध्ये दराबरोबरच परवान्यांचे निर्बंध सैल झाले व आयात-निर्यातीचे नियम बदलले. म्हणून त्या वेळी दराचा उपयोग होऊ शकला. दोहोंचा बोध एकच आहे: दर हा दरवाजा उघडतो, परंतु दारातून बाहेर नेण्यास घरात माल असावा लागतो.

गावपातळीवर काय करावे?

हुंडणावळ गावाच्या हाती नाही. उत्पादकता गावाच्या हाती पुष्कळशी आहे. क्विंटलला ४,५०० रुपये भाव धरला तर एकरी ६ क्विंटल पिकविणाऱ्यास भावातील दहा टक्के वाढीने २,७०० रुपये मिळतात. एकरी एक क्विंटल उत्पन्न वाढले तर ४,५०० रुपये मिळतात. शिवाय ह्या वाढीने कोणाचे तेल महागत नाही व कोणतीही जकात ती काढून घेत नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींवर भर द्यावा.

१. पेरणीपूर्वी घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासण्यास प्रत्येक शेतकऱ्यास शिकवावे. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून सत्तर वा अधिक उगवले तर ते बियाणे वापरण्यास योग्य होय. सोयाबीनचे घरचे चांगले बियाणे राखल्याने रोख खर्च वाचतो.

२. रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरणी करावी. खंडात ओल टिकते व अतिवृष्टीत पाणी निघून जाते.

३. खते माती परीक्षणानुसारच द्यावी. रायझोबियम व स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया करावी. ज्या खताचा भाव डॉलरवर ठरतो, त्याचा एक किलो वाचविणे म्हणजे देशाचे परकीय चलन वाचविणे होय.

४. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घ्यावे, म्हणजे एका मालाचा भाव पडला तरी सर्व भार त्यावर येत नाही.

५. माल १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच बाजारात न्यावा. सुगीत भाव पडलेला असल्यास शेतमाल तारण योजनेचा विचार करावा. तीत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. मात्र रुपया उतरेल ह्या केवळ आशेवर माल अडवून ठेवू नये.

६. डॉलरचा भाव, आयात कराचा दर, आधारभूत किंमत व ब्राझील-अर्जेंटिनातील पिकाची बातमी ह्या चारही गोष्टी एकत्र पाहून गावाच्या फलकावर लिहाव्या. एकट्या बातमीने दिशाभूल होते.

वाण व लागवड ह्यांविषयी अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा व रिसोड तालुक्यातील करडा येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला असून जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला आहे. गावच्या उत्पादक कंपन्यांनी माल स्वच्छ करून, प्रतवारी लावून व शक्य तेथे प्रक्रिया करून पाठविला, तर ह्या रस्त्याचा लाभ वाहणाऱ्याबरोबर पिकविणाऱ्यासही होईल.

सारांश

रुपया चढला वा उतरला ह्यावरून देशाची श्रीमंती मोजू नये. हुंडणावळ हे माप आहे, माल नव्हे. माप खोटे असले तर पिकविणाऱ्याची लूट होते, हे १९२७ ने दाखविले. माप बदलले तरी रास भरत नाही, हे १९६६ ने दाखविले. माप रास्त ठेवणे हे रिझर्व्ह बँकेचे व सरकारचे काम आहे, आणि जकातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर करून ते हंगामभर स्थिर राखावे, अशी मागणी करण्याचा शेतकऱ्यास पूर्ण हक्क आहे. रास मोठी करणे हे मात्र आपल्या शिवारातील काम आहे. दर एकरी एक क्विंटल अधिक, हे उद्दिष्ट प्रत्येक गावाने येत्या खरिपापासून आपल्यासमोर ठेवावे.